राष्ट्राध्यक्षाची निवड आणि विधिमंडळांतील पक्ष



एखाद्या देशाच्या विधिमंडळांत दोनच पक्ष कां असतात आणि दुसऱ्या एखाद्या देशाच्या विधिमंडळांत तीस कां, असा प्रश्न मला फार पूर्वीं एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत विचारला होता. "त्या त्या लोकांचा स्वभाव" असें कांहींतरी उत्तर देऊन मीं वेळ मारून नेली. नागरिकशास्त्राच्या तासाला शिक्षक पुष्कळदां असेंच करतात. घंटा झाली, मुलें पांगलीं. पण तें उत्तर अपुरें होतें, किंबहुना बरेंचसें चुकीचें होतें, हें मला नोकरीच्या व्यापांतून मोकळा होऊन वाचनाला सवड मिळाल्यावर कळलें. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं. तेव्हां पंडितांच्या परिभाषेंत बोलण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु त्या मुलाचें देणें राहून गेलें आहे, तें आज आपणां सर्वांसमक्ष फेडावें असा विचार आहे.

धर्मभेद, वर्गभेद, भाषाभेद आणि लोकांचा स्वभाव यांतून पक्ष जन्माला येतात हें खरें. पण जन्मलेले सर्वच पक्ष वाढत नाहींत. कोणता वाढेल, कोणता खुरटेल, कोण कोणाशीं सोयरीक करील, हें पुष्कळ अंशीं निवडणुकीचे नियम ठरवितात. आणि त्या नियमांपैकीं एका गोष्टीकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे त्या देशांत राष्ट्राध्यक्षाची निवड प्रत्यक्ष जनता करते कीं नाहीं, आणि करीत असल्यास ती केव्हां करते.

आपलें लक्ष न जाण्याचें कारण उघड आहे. आपला राष्ट्रपति संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद निवडतात. म्हणजे अगोदर पक्ष, मग सभागृहें, आणि त्यांतून राष्ट्रपति. जेथें जनता स्वतः राष्ट्राध्यक्ष निवडते आणि त्याच्या हातीं खरी सत्ता असते, तेथें हा क्रम उलटण्याचा संभव असतो. अगोदर राष्ट्राध्यक्ष, आणि मग त्याच्या भोंवतीं पक्ष. विधिमंडळाची निवडणूक ही पंगतीसारखी आहे; चारशें पांचशें पानें मांडलेलीं असतात, त्यांतलीं दहावीस लहानशा पक्षाच्याहि वांट्याला येतात. राष्ट्राध्यक्षपद म्हणजे मानाचा विडा. तो एकालाच मिळतो, त्याचे तुकडे करतां येत नाहींत. ज्या पक्षाला तो विडा उचलण्याची आशाच नाहीं त्याला दोनच मार्ग उरतात : कोणा समर्थाच्या मागें उभें राहावें, नाहीं तर हळूहळू विस्मरणांत जावें.

यांत दिवसाचें महत्त्व किती, हें मला एका शाळेंत अनपेक्षितपणें पाहावयास मिळालें होतें. त्या शाळेंत वर्गाचा मॉनिटर आणि चार जणांची वर्गसमिति मुलांनींच निवडावयाची अशी पद्धत होती. एका वर्षीं सोमवारीं मॉनिटर निवडला आणि गुरुवारीं समिति. चारहि सभासद मॉनिटरच्याच टोळक्यांतले आले. दुसऱ्या वर्षीं पावसामुळें शाळा बरेच दिवस बंद राहिली आणि समितीची निवड दिवाळीनंतर गेली. तोंपर्यंत मॉनिटरसाहेबांनीं फळ्यावर गोंगाट करणाऱ्यांचीं नांवें लिहून लिहून निम्म्या वर्गाचें शत्रुत्व संपादन केलें होतें. चारपैकीं तीन सभासद त्याच्या विरुद्ध बाजूचे आले आणि वर्षभर हस्तलिखितापासून सहलीपर्यंत कोणतेंहि काम सुरळीत झालें नाहीं. मुलें तींच होतीं. बदलली होती ती तारीख.

आतां फ्रान्सकडे वळूं. या विषयाचा याहून चांगला धडा मला दुसरीकडे सांपडला नाहीं, कारण त्या एकाच देशांत नियम बदलला म्हणजे काय होतें हें तारीखवार दाखवितां येतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून १९५८ पर्यंत, फ्रान्समध्यें जी राज्यव्यवस्था होती तिला चवथें प्रजासत्ताक म्हणतात. त्या बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळें आलीं आणि गेलीं. राष्ट्रसभेंत कम्युनिस्ट, समाजवादी, रॅडिकल, कॅथॉलिक मध्यममार्गी, निरनिराळे परंपरावादी गट, आणि द गॉल यांचे अनुयायी, असे अनेक पक्ष. कोणा एकाचें बहुमत नाहीं आणि दोघातिघांचें जमलें तरी तें टिकत नाहीं. राष्ट्राध्यक्षाची निवड त्या वेळीं संसदेचीं दोन्ही गृहें एकत्र बसून करीत. १९५३ च्या डिसेंबरांत ही निवड करतांना तेरा वेळां मतदान घ्यावें लागलें, तेव्हां कोठें रने कोती यांच्या गळ्यांत माळ पडली. पक्षांच्या तडजोडींतून निघालेला राष्ट्राध्यक्ष पक्षांना कसला आकार देणार?

१९५८ सालीं अल्जीरियाच्या प्रश्नावरून तें प्रजासत्ताक कोसळलें आणि सेनापति द गॉल यांच्या हातीं सूत्रें आलीं. नवी राज्यघटना झाली; पण तिच्यांतहि राष्ट्राध्यक्ष थेट जनतेनें निवडावा असें प्रथम नव्हतें. नगराध्यक्ष, स्थानिक सभासद वगैरे मिळून सुमारें ८०,००० निर्वाचकांनीं द गॉल यांना निवडलें. पुढें २२ ऑगस्ट १९६२ रोजीं पॅरिसजवळ पेती-क्लामार येथें त्यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. ते थोडक्यांत बचावले. आपल्यामागून येणाऱ्या राष्ट्राध्यक्षाजवळ आपल्यासारखी युद्धकालीन पुण्याई असणार नाहीं, तेव्हां त्याला निदान जनतेच्या थेट मताचें बळ असावें, या विचारानें त्यांनीं घटना बदलण्याचा प्रश्न जनतेपुढें सार्वमतासाठीं ठेवला.

जुन्या पक्षांनीं एकच गिल्ला केला, आणि त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. १८४८ सालीं फ्रेंचांनीं थेट मतानें राष्ट्राध्यक्ष निवडला होता तो लुई नेपोलियन. तीन वर्षांनीं त्यानें सैन्याच्या जोरावर विधिमंडळ मोडलें आणि १८५२ सालीं तो बादशहा झाला. ही आठवण फ्रेंच प्रजासत्ताकवाद्यांच्या मनांत शंभर वर्षें सलत होती. ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं राष्ट्रसभेनें पाँपिदू यांच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव २८० मतांनीं संमत केला. द गॉल यांनीं राष्ट्रसभाच विसर्जित केली. २८ ऑक्टोबरला सार्वमत झालें, शेंकडा ६२ मतें त्यांच्या बाजूनें पडलीं, आणि पाठोपाठ नोव्हेंबरांत झालेल्या निवडणुकींत त्यांचे अनुयायी व मित्र यांना बहुमत मिळालें. पक्षांनीं ज्या दारावर पहारा दिला होता तें दार मतदारांनींच उघडलें.

थेट निवडीची फ्रेंच पद्धत दोन फेऱ्यांची आहे. पहिल्या फेरींत कोणालाच निम्म्याहून अधिक मतें मिळालीं नाहींत तर दोन आठवड्यांनीं दुसरी फेरी होते, आणि तींत पहिले दोघेच उभे राहूं शकतात. पहिल्या फेरींत मनाजोगा माणूस निवडावयाचा आणि दुसऱ्या फेरींत नकोसा माणूस टाळावयाचा, अशी त्या मतदारांची रीत आहे. या दुसऱ्या फेरीनें देशाचे दोन तट पडतात. १९६५ च्या पहिल्या निवडणुकींत द गॉल यांना पहिल्या फेरींत शेंकडा ४५ च्या आंतच मतें मिळालीं आणि फ्रान्स्वा मितराँ नांवाच्या, स्वतःचा मोठा पक्ष नसलेल्या पुढाऱ्याशीं त्यांना दुसरी फेरी लढवावी लागली. मितराँ यांच्यामागें समाजवादी आणि कम्युनिस्ट दोघेहि होते. ते हरले, पण शेंकडा ४५ मतें घेऊन हरले, आणि त्यांतून त्यांना जें कळलें तें इतरांना कळावयास अजून कांहीं वर्षें लागावयाचीं होतीं.

तें काय, हें १९६९ च्या निवडणुकीवरून ध्यानांत येईल. त्या वर्षीं डाव्या पक्षांनीं आपापले निरनिराळे उमेदवार उभे केले. कम्युनिस्टांच्या द्युक्लो यांना शेंकडा २१ मतें मिळालीं आणि समाजवाद्यांच्या दफेर यांना अवघीं ५. त्या घरांत थोरला भाऊ कम्युनिस्ट पक्ष होता हें यावरून दिसतेंच. पण घर विभक्त झाल्यामुळें दोघांपैकीं एकहि दुसऱ्या फेरींत पोंचला नाहीं, आणि अखेरचा सामना पाँपिदू व पोएर या उजव्या व मध्यममार्गी गृहस्थांमध्येंच झाला. विधिमंडळाचा विचार केला असता तर शेंकडा २१ मतें ही मोठी कमाई होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या दृष्टीनें ती शून्याएवढीच ठरली.

मग १९७१ सालीं एपिने येथील अधिवेशनांत मितराँ यांनीं समाजवादी पक्षाचें पुढारीपण हस्तगत केलें आणि १९७२ सालीं कम्युनिस्टांशीं समान कार्यक्रमाचा करार केला. या करारांत कम्युनिस्टांचा तोटा दडलेला होता. दुसऱ्या फेरींत निम्म्याहून अधिक मतें हवीं असतील तर मध्यममार्गी मतदाराला भिववून चालत नाहीं. तेव्हां युतीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार समाजवादीच असणार. आणि जिंकण्याची आशा ज्याच्यामुळें आहे त्याच्याकडे मतदारहि सरकूं लागतात. १९७४ सालीं मितराँ शेंकडा ४९ हून अधिक मतें मिळवूनहि जिस्कार देस्तँ यांच्याकडून हरले. १९८१ सालीं कम्युनिस्टांनीं आपला उमेदवार वेगळा उभा करून पाहिला. मार्शे यांना शेंकडा १५ मतें पडलीं, मितराँ यांना जवळजवळ २६. दुसऱ्या फेरींत मितराँ विजयी झाले, त्यांनीं लगेच राष्ट्रसभा विसर्जित केली, आणि जूनमध्यें समाजवाद्यांना एकट्याच्या बळावर बहुमत मिळालें. कम्युनिस्टांच्या जागा ८६ वरून ४४ वर आल्या. बारा वर्षांत धाकटा भाऊ थोरला झाला. या काळांत फ्रान्समधील कामगार कांहीं निम्मे झाले नव्हते. सोव्हिएट रशियाविषयींचा भ्रमनिरास वगैरे कारणें होतींच. परंतु तीं कारणें पुढें ढकलावयास ही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मोठी सहायक झाली, असें मला वाटतें.

उजव्या बाजूलाहि तेंच. जाक शिराक यांनीं १९७६ सालीं द गॉल यांच्या अनुयायांचा पक्ष नव्या नांवानें उभारला तो उघड उघड राष्ट्राध्यक्षपदावर डोळा ठेवून. आणि जिस्कार देस्तँ यांच्या पाठीराख्या लहानमोठ्या गटांनीं १९७८ सालीं जी एकी केली तिचें नांव त्यांच्याच पुस्तकाच्या नांवावरून घेतलें होतें. पक्षाचें बारसें राष्ट्राध्यक्षाच्या पुस्तकावरून व्हावें, यावरूनच काय तें समजावें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर माझें बोलणें एकांगी होईल. सर्वच कांहीं राष्ट्राध्यक्षाच्या निवडीवर अवलंबून नसतें; सभागृहाच्या स्वतःच्या निवडणुकीचा नियमहि तितकाच बलवान असतो. फ्रान्सची राष्ट्रसभा बहुतेक वेळां एकसदस्य मतदारसंघांतून, दोन फेऱ्यांनींच, निवडली जाते. १९८६ सालीं मात्र मितराँ यांनीं मतांच्या प्रमाणांत जागा देण्याची पद्धत आणली. त्या वर्षीं ल पेन यांच्या राष्ट्रीय आघाडीला शेंकडा साडेनऊच्या पुढें मतें आणि ३५ जागा मिळाल्या. दोन वर्षांनीं जुनी पद्धत परत आली. त्या पक्षाचीं मतें जवळजवळ तेवढींच राहिलीं आणि जागा मिळाली एक. तेव्हां राष्ट्राध्यक्षाच्या निवडीनें जो तट पाडावयाचा तो पाडण्यास सभागृहाचा नियम अनुकूल असावा लागतो.

तरीहि एक अडचण उरली होती. राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांची आणि राष्ट्रसभेची पांच. माझ्या त्या दुसऱ्या वर्षाच्या मॉनिटरसारखी स्थिति येणारच होती, आणि ती तीन वेळां आली : १९८६ ते १९८८, १९९३ ते १९९५, आणि १९९७ ते २००२. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, मुख्य प्रधान दुसऱ्या पक्षाचा. फ्रेंच लोक याला सहवास म्हणतात. पण परराष्ट्रांच्या परिषदेला दोघेहि हजर राहावयाचे आणि एकमेकांकडे न पाहतां बसावयाचे, असला तो सहवास. हा प्रकार नको म्हणून २४ सप्टेंबर २००० रोजीं सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्षाची मुदतहि पांच वर्षांची करण्यांत आली. मतदारांपैकीं जेमतेम शेंकडा ३० लोक मत द्यावयास आले. एवढा मोठा फेरबदल इतक्या सुस्तपणें क्वचितच झाला असेल.

त्याहून महत्त्वाची दुरुस्ती पुढील वर्षीं झाली आणि तिच्याकडे तर सामान्य माणसाचें लक्षहि गेलें नाहीं. २००२ सालीं राष्ट्रसभेची निवडणूक अगोदर आणि राष्ट्राध्यक्षाची नंतर, असा योग येत होता. मुख्य प्रधान जोस्पँ यांनीं कायदा करून तो क्रम उलटला. राष्ट्राध्यक्ष एप्रिल-मेमध्यें आणि राष्ट्रसभा जूनमध्यें. आपण राष्ट्राध्यक्ष होऊं आणि त्या लाटेवर आपल्या पक्षाला बहुमत मिळेल, असा त्यांचा हिशेब असावा. करावयास गेले एक आणि झालें भलतेंच. पहिल्या फेरींत १६ उमेदवार उभे राहिले, डाव्या मतदारांनीं मनसोक्त मतें वांटलीं, आणि जोस्पँ तिसऱ्या क्रमांकावर राहून बाहेर पडले. दुसऱ्या फेरींत शिराक विरुद्ध ल पेन असा सामना होऊन शिराक शेंकडा ८२ मतांनीं निवडून आले. जोस्पँ यांनीं रांधलेलें पान शिराक यांच्या पुढें आलें. उजव्या पक्षांनीं तांतडीनें एक नवा पक्ष केला, त्याचें नांवच "राष्ट्राध्यक्षीय बहुमताचा संघ", आणि जूनमध्यें ५७७ पैकीं साडेतीनशेंहून अधिक जागा त्याला मिळाल्या. २००७ आणि २०१२ सालींहि नव्या राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला, मित्रांसह, थोड्याच आठवड्यांत बहुमत मिळालें.

यावरून कोणी असें समजेल कीं दोन्ही निवडणुका एकत्र घेतल्या म्हणजे पक्ष आपोआप कमी होतात. ब्राझील पाहिलें म्हणजे हा समज दूर होतो. तेथें राष्ट्राध्यक्ष दोन फेऱ्यांनीं निवडला जातो आणि लोकप्रतिनिधिगृह पहिल्या फेरीच्याच दिवशीं. परंतु त्या गृहाच्या जागा एकेका राज्याला एक मतदारसंघ मानून मतांच्या प्रमाणांत वांटल्या जातात. २०१८ सालीं बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाले, आणि चार वर्षांपूर्वीं अवघी एक जागा मिळविणाऱ्या पक्षानें त्यांच्या बळावर ५२ जागा जिंकल्या. लाट तर आली. पण गृह ५१३ सभासदांचें, म्हणजे जिंकलेल्या राष्ट्राध्यक्षाजवळ जेमतेम एक दशांश सभासद, आणि बाकीच्या गृहांत जवळजवळ तीस पक्ष. राष्ट्राध्यक्ष कोणी का असेना, त्याला बहुमत बाजारांतून जमवावें लागतें; खातीं, नेमणुका, मतदारसंघांतील कामें यांचा सौदा होतो. प्रत्येक राज्याचें स्थानिक राजकारण निराळें असल्यामुळें वरच्या एका माणसाच्या निवडीचा धाक खालपर्यंत पोंचत नाहीं.

अमेरिकेविषयीं फार सांगत नाहीं, कारण तिची माहिती आपणांस असतेच. तेथें दोन पक्ष घट्ट रुजले आहेत आणि तिसऱ्याला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रोखून धरते. १९९२ सालीं रॉस पेरो यांना जवळजवळ शेंकडा १९ मतें मिळालीं, पण निर्वाचक एकहि नाहीं. तारखेचा परिणाम मात्र तेथेंहि स्पष्ट दिसतो. राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर जी प्रतिनिधिगृहाची निवडणूक येते तींत त्याच्या पक्षाच्या जागा बहुधा कमी होतात. गेल्या शंभर वर्षांत याला १९३४, १९९८ आणि २००२ एवढेच अपवाद घडले.

हें सर्व परदेशांचें झालें. आपला याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आपली राज्यघटना घडत असतां ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं घटनासमितीपुढें हाच प्रश्न मांडला होता. अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतींत जबाबदारी अधिक. दोन्ही सारख्याच प्रमाणांत मिळत नाहींत. म्हणून मसुद्यानें जबाबदारी पसंत केली आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. तरी अधूनमधून आपल्याकडेहि एका समर्थ पुरुषाची थेट निवड असावी असा सूर निघतो. खालच्या पायरीवर तर आपण हा प्रयोग करूनहि पाहत आहों. महाराष्ट्रांत नगराध्यक्ष आणि सरपंच यांची थेट निवड २०१६-१७ च्या सुमारास आली, २०२० च्या सुमारास गेली आणि २०२२ सालीं पुन्हां आली. ज्यांच्या गांवीं नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहांत बहुमत दुसऱ्या पक्षाचें, अशी स्थिति उद्भवली असेल, त्यांना फ्रेंचांचा तो सहवास समजावून सांगण्याची जरूर नाहीं. नळाचें पाणी आणि रस्त्याचे खड्डे यांवरून तो त्यांना ठाऊक आहे. लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांच्या निवडणुका एकाच वेळीं घ्याव्यात असें विधेयक डिसेंबर २०२४ मध्यें लोकसभेंत मांडलें गेलें. त्या वादांत खर्चाची आणि आचारसंहितेच्या कालावधीची चर्चा पुष्कळ होते. मोठ्या निवडणुकीची सावली लहान निवडणुकीवर किती पडेल आणि प्रादेशिक पक्षांचें त्या सावलींत काय होईल, हा प्रश्न मला खर्चापेक्षां मोठा वाटतो. खर्च एका वर्षाचा असतो. पक्ष वठले तर ते पुन्हां सहसा पालवत नाहींत.

आतां फ्रान्सची गोष्ट अर्धवट राहिली आहे, ती पुरी करतों. २०१७ पर्यंत असें वाटत होतें कीं, राष्ट्राध्यक्ष अगोदर, राष्ट्रसभा मागून, बहुमत हमखास, हें यंत्र कायमचें बसलें. त्या वर्षीं एमान्युएल मॅक्रॉन, ज्यांचा पक्ष जेमतेम वर्षभरापूर्वीं स्थापन झाला होता, राष्ट्राध्यक्ष झाले, आणि जूनमध्यें त्या वर्षभराच्या पक्षाला ३०८ जागा मिळाल्या. ज्या समाजवादी पक्षाला मितराँ यांनीं वाढविलें होतें त्याच्या जागा २८० वरून ३० वर आल्या. ज्या जिन्यानें तो पक्ष वर चढला त्याच जिन्यावरून खालीं आला. परंतु या विजयांत एक खूण होती. राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या फेरीला शेंकडा ७८ च्या जवळपास मतदार आले होते. राष्ट्रसभेच्या दुसऱ्या फेरीला शेंकडा ४३ हि आले नाहींत. हरलेल्यांचे पाठीराखे निराश होऊन घरीं बसतात आणि जिंकलेल्यांचे येतात. लाटेचा पुष्कळसा भाग हा असा दुसऱ्यांच्या गैरहजेरीचा असतो.

२०२२ सालीं नियम तेच होते, क्रम तोच होता. मॅक्रॉन पुन्हां निवडून आले, आणि जवळजवळ दोन महिन्यांनीं त्यांच्या आघाडीला ५७७ पैकीं सुमारें अडीचशेंच जागा मिळाल्या. बहुमतास २८९ लागतात. असें कां झालें? माझ्या मतें, दुसऱ्या फेरींतील त्यांचीं पुष्कळ मतें त्यांच्यासाठीं नव्हतीं, तीं मारीन ल पेन यांना अडविण्यासाठीं होतीं. एखादा माणूस चोराला अडविण्यासाठीं शेजाऱ्याला हांक मारतो, म्हणून तो शेजाऱ्याला आपलें घर लिहून देत नाहीं. शिवाय मतदारांचे तट दोन न राहतां तीन झाले होते, आणि दोनच उमेदवारांची दुसरी फेरी तीन तटांना दोन करूं शकते तें एका दिवसापुरतें.

जून २०२४ मध्यें युरोपीय निवडणुकींत पराभव होतांच मॅक्रॉन यांनीं राष्ट्रसभा विसर्जित केली. या वेळीं पुढें राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नव्हती, लाट नव्हती. जुलैमध्यें जी सभा आली तींत डावे, मॅक्रॉन यांचे मध्यममार्गी, आणि ल पेन यांचा पक्ष असे तीन तट, कोणीहि बहुमताच्या जवळ नाहीं. ४ डिसेंबर २०२४ रोजीं बार्निए यांचें मंत्रिमंडळ अविश्वासाच्या ठरावानें, ३३१ मतांनीं, पडलें. ५ ऑक्टोबर १९६२ नंतर असा ठराव संमत झाला तो हा पहिलाच. सप्टेंबर २०२५ मध्यें त्यांच्यामागून आलेले बायरू यांनीं स्वतःच विश्वासाचें मत मागितलें आणि तेहि १९४ विरुद्ध ३६४ मतांनीं गेले. चवथ्या प्रजासत्ताकाच्या आठवणी वर्तमानपत्रांतून पुन्हां निघूं लागल्या.

जुने पक्ष मात्र अगदींच नाहींसे झालेले नाहींत. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकींत जुन्या उजव्या पक्षाच्या उमेदवाराला शेंकडा ५ हि मतें मिळालीं नाहींत आणि समाजवादी उमेदवाराला २ हि नाहींत. असें असूनहि अनेक नगरपालिका त्यांच्या हातीं राहिल्या, आणि सेनेटमध्यें मॅक्रॉन यांच्या पक्षाला बहुमत कधींच मिळालें नाहीं. कारण सेनेट स्थानिक सभासदांकडून निवडली जाते आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचें वारें तेथें थेट पोंचत नाहीं. ज्या झाडाचा शेंडा मोडला आहे त्याच्या मुळ्या अशा ठिकाणीं जिवंत राहतात.

राष्ट्राध्यक्षाची पुढील निवडणूक २०२७ च्या वसंतांत यावयाची आहे. मॅक्रॉन लागोपाठ तिसऱ्यांदा उभे राहूं शकत नाहींत. उलट २०२४ सालीं निवडलेल्या राष्ट्रसभेची पुरी मुदत २०२९ पर्यंतची; म्हणजे २००१ सालीं मोठ्या हिशेबानें जुळविलेलें वेळापत्रक एका विसर्जनानें मोडलें आहे. जो कोणी निवडून येईल त्यास ती सभा तशीच चालवावी लागेल, अथवा मितराँ यांनीं १९८१ सालीं केलें तसें येतांक्षणीं ती विसर्जित करून मतदारांना पुन्हां बोलवावें लागेल. आणि ते घरीं बसतात कीं बाहेर पडतात, यावर तेथें पक्ष किती राहतील हें ठरेल.